उत्खननाचे दप्तर

शिरूर तालुक्यातील मौजे इनामगाव येथे, घोड नदीच्या काठच्या पांढरीवर, डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आदी संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्याने इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांत नांदलेले शेतकऱ्यांचे एक सबंध गाव, त्याची घरे, धान्याचे कोठार, शेताला पाणी नेणारा पाट आणि घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली बालके यांसह, महाराष्ट्रापुढे उभे केले. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात तर चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसत्या स्थितीत ठेवलेला एक प्रौढ पुरुष सापडला. तो गावचा प्रमुख असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.

हे गाव आज कोठे आहे? घोडेच्या काठी निश्चितच नाही. उत्खनन हे स्वभावतःच अपरिवर्तनीय कर्म आहे. मातीचा जो थर एकदा उचलला तो पुन्हा त्याच क्रमाने रचता येत नाही, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती हे त्या क्षणी टिपले नसेल तर कायमचे लुप्त होते. म्हणून इनामगाव आता वस्तूंइतकेच रोजनाम्यांत, छेदचित्रांत आणि छायाचित्रांच्या निगेटिव्हांत वसते. १९८८ साली प्रसिद्ध झालेला अहवाल भरभक्कम असला, तरी छापील पानांत दप्तराचा प्रत्येक कागद मावत नाही.

वारसाजतनासाठी डिजिटल तंत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ड्रोन आणि लेसर येतात. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पॅरिसचे नोत्र दाम २०१९ मध्ये आगीत सापडले, तेव्हा अँड्र्यू टॅलन यांनी पूर्वीच केलेली लेसर-मोजणी पुनर्बांधणीच्या कामी आली. परंतु तेथे मोजण्यास इमारत उभी होती. इनामगावी मोजायचे आहे ते कागदच. कागद पिवळा पडतो, निगेटिव्ह विरते, आणि वहीतील खुणा उलगडून सांगणारी पिढीही निघून चालली आहे. ढवळीकर २०१८ मध्ये गेले. तेव्हा पहिला पैसा या दप्तराच्या अस्सल प्रतीवरून काळजीपूर्वक काढलेल्या डिजिटल नकलेवर, आणि प्रत्येक चित्राला चर, थर व दिनांक यांची जोड देण्यावर खर्च व्हावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण ही जोड नसलेली रांजणाची त्रिमितीय प्रतिमा कितीही फिरवून पाहिली तरी तिच्यातून इतिहास निघत नाही.

दौंडच्या बाजूला भीमेच्या खोऱ्यात, जेथे कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढतो आणि जमिनीचे सपाटीकरण चालते, तेथे मात्र ड्रोनला खरे काम आहे. न खणलेल्या पांढरींची मोजणी करून ती सात-बाऱ्याच्या गट क्रमांकाशी जोडली, तर नांगर लागण्यापूर्वी तहसील कचेरीला निदान सूचना मिळेल.

इनामगावच्या दप्तराच्या डिजिटल नकलेची एक प्रत शिरूर तालुक्यातच राहावी. पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये उभारलेल्या त्या संस्थेत, २००२ पासून फॅब लॅब आहे. मापे हाती आली तर त्या चौपायी रांजणाची पूर्णाकृती प्रतिकृती तेथील विद्यार्थी घडवू शकतील आणि ती शिरूर-दौंडच्या शाळांतून फिरू शकेल. जिल्हा परिषदेने डेक्कन कॉलेजशी यासंबंधी पत्रव्यवहार सुरू करावा, आणि मौजे इनामगावच्या ग्रामपंचायतीस त्यात प्रथमपासून सहभागी करून घ्यावे.