ड्रोन डोंगरात येईल, पण रिमोट कोणाच्या हातात असेल?



मागच्या लग्नसराईत आमच्या शाळेजवळच्या एका लग्नात शूटिंगसाठी ड्रोन आला होता. आवाज ऐकला आणि अख्खा वर्ग पटांगणात पळाला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी त्याला ‘मोठी माशी’ म्हणालं. मी मात्र चौथीतल्या एका मुलीच्या प्रश्नापाशी अडकलो. तिने हळूच विचारलं, “सर, हा आमच्या शेताचा फोटो काढून नेईल का? मग शेत जाईल का?”

बाहेरगावच्या माणसाला हा प्रश्न भाबडा वाटेल. पण आपण नंदुरबार जिल्ह्यातले आहोत. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडिताखाली आली. ‘मोजणीवाले आले’ म्हणजे पुढे काय होतं, हे इथल्या घराघरात माहीत आहे. त्या मुलीने ते आजीकडून ऐकलेलं असणार. तिला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. तेच उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

आधी यंत्र समजून घेऊ

ड्रोन म्हणजे माणूस न बसवता उडणारं यंत्र. आपण बहुतेक वेळा बघतो त्याला चार पंखे असतात. दोन पंखे घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि दोन उलट दिशेने. चारही एकाच दिशेने फिरले तर ड्रोन स्वतःभोवतीच गरगरू लागेल. पुढे जायचं असेल तेव्हा मागचे पंखे जोरात फिरतात, ड्रोन पुढे झुकतो आणि सरकतो. तोल सांभाळायला आत छोटे संवेदक असतात, जागा कळायला जीपीएस असतं. सहावी-सातवीच्या मुलांना बल आणि दिशा शिकवायला याच्याइतकं जिवंत उदाहरण सापडणार नाही.

याची मर्यादाही मुलांना सांगायला हवी. चार पंख्यांचा ड्रोन बॅटरीवर साधारण अर्धा तास किंवा त्याहून कमी वेळ उडतो. वजन वाढलं की वेळ आणखी घटतो. विमानासारखे सरळ पंख असलेला ड्रोन जास्त लांब जातो, पण त्याला एका जागी तरंगता येत नाही.

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा स्मॉल असे गट त्यात पाडले आहेत. नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही.

काम कुठे कुठे झालं आहे?

पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात सोनोरी नावाचं गाव आहे. गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग आपल्या राज्यात तिथे झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका मिळावी, हा तिचा हेतू. म्हणजे वरून काढलेला फोटो जागा हिरावण्यासाठीच असतो असं नाही, ती नावावर करून द्यायलाही त्याचा उपयोग होतो. त्या मुलीला द्यायच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग मला इथे मिळाला.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला कोरोना लशीचे ३०० डोस ड्रोनने गेले. एरवी ज्या प्रवासाला सुमारे ४० मिनिटं लागतात, तो दहा मिनिटांच्या आत झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मणिपूरमध्ये लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर लस पोहोचली. रस्त्याने ते अंतर २६ किलोमीटर आहे, हवेतून १५. नर्मदेच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या आणि बोटीची वाट बघणाऱ्या आपल्या गावांना ही गोष्ट नक्की जवळची वाटेल.

आफ्रिकेतला रवांडा हा आपल्या सातपुड्यासारखाच डोंगराळ देश. तिथे २०१६ पासून रुग्णालयांना लागणारं रक्त सरळ पंखांच्या ड्रोनने जातं. ड्रोन खाली उतरत नाही. छोट्या पॅराशूटला बांधलेला खोका वरून सोडतो आणि परत फिरतो. तिथे हे एका दिवसाचं प्रात्यक्षिक राहिलं नाही, रोजचं काम झालं. मला महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आपल्या डोंगरात काय उपयोग?

सप्टेंबर २०२१ मधली गोष्ट अनेकांना आठवत असेल. चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक माणूस दवाखान्याकडे निघाला. ती वाटेतच गेली. बांबूला झोळी बांधून पेशंट खाली आणणं आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे, की पेपरवाल्यांनी त्याला ‘बांबुलन्स’ असं नावच देऊन टाकलं.

ड्रोन असता तर ती बाई वाचली असती का? खरं सांगायचं तर, नाही सांगता येत. छोटा ड्रोन औषध पेशंटकडे नेतो, पेशंटला डॉक्टरकडे नेत नाही. अडलेल्या बाळंतिणीला झोळीतून उतरवायचं असेल तर रस्ता लागतो, गाडी लागते, दवाखान्यात डॉक्टर लागतो. म्हणून माझं पहिलं मत स्पष्ट आहे. ड्रोन हे रस्त्याला उत्तर नाही. उद्या कोणी ‘आता ड्रोन आला, रस्त्याचं बघू पुढे’ असं म्हणालं, तर ग्रामसभेत उठून नाही म्हणायला हवं.

पण रस्ता होईपर्यंत काही कामं ड्रोन चोख करू शकतो. सापाच्या विषावरची लस घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर ती चालते. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागू शकतात, पण त्यांचं वजन किरकोळ असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे आणि साठा संपला आहे, अशा वेळी ड्रोन कामाचा. ही लस घरी टोचायची नसते, तिची रिॲक्शन येऊ शकते. म्हणून ड्रोन पाड्यावर नको, आरोग्य केंद्राच्या अंगणात उतरायला हवा.

दुसरं काम सिकलसेलचं. हा आजार आपल्या जिल्ह्यातल्या किती कुटुंबांत आहे, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. वर्गात वारंवार हातपाय दुखतात म्हणून बसून राहणारी मुलं आपण पाहिली आहेत. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. तपासणीचे रक्तनमुने खाली नेणं आणि गोळ्या वर आणणं, ही हलक्या वजनाची आणि ठरलेल्या दिवशी करायची कामं. ड्रोनला अशीच कामं झेपतात.

आता एक अडचण. आपला घाट बंद पडतो पावसाळ्यात, आणि छोट्या ड्रोनला सगळ्यात जड जातो तोही पावसाळाच. मुसळधार पाऊस, दरीतला वारा, धुकं आणि मोबाईलला रेंज नाही. ज्या दिवशी गरज सर्वात जास्त, त्याच दिवशी यंत्र जमिनीवर बसायची शक्यता जास्त. म्हणून माझं दुसरं मत असं, की आपल्याकडे चाचणी करायची तर ती श्रावणात, तोरणमाळ-मोलगीच्या बाजूला करा. हिवाळ्यातल्या निरभ्र आकाशात फोटो छान येतात, पण आपला प्रश्न त्याने सुटत नाही.

शेतातला ड्रोन

शहादा-तळोदा भागातल्या पालकांनी फवारणीचा ड्रोन पाहिला असेल किंवा लवकरच पाहतील. दहा लिटरच्या आसपास टाकी असते आणि एक एकर काही मिनिटांत होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. पाठीवर पंप, तोंडाला फडकं आणि डोक्यापेक्षा उंच झालेलं पीक. ड्रोनने माणूस त्या विषापासून लांब राहतो. हा फायदा मोठाच आहे.

केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं ठरलं आहे. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत आणि १५ दिवसांचं प्रशिक्षण. गटातल्या एका बाईच्या हातात रिमोट येणं ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

पण दोन प्रश्न राहतात. वारा असताना केलेली फवारणी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या भाजीवर, विहिरीवर, मोहाच्या झाडावरच्या मधमाश्यांवर जाते. आणि पंप मारून रोज कमावणाऱ्या मजुराचं काय? ‘मजूर मिळत नाही म्हणून ड्रोन’ असं शेतकरी म्हणतो, ‘ड्रोन आला म्हणून काम नाही’ असं मजूर म्हणतो. दोघांचीही मुलं आपल्या एकाच वर्गात शेजारी बसतात. म्हणून शिक्षकाने एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला गप्प करू नये. दोन्ही हिशेब फळ्यावर मांडावेत. ड्रोनचालक, बॅटरी चार्ज करणारा, दुरुस्ती करणारा ही कामं त्याच मजुराच्या पोराला मिळाली, तर हा हिशेब जुळू शकतो.

डोळा आणि अफवा

ड्रोनला कॅमेरा असतो, म्हणून भीती असतेच. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड अशा जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, या बोलण्याने गावंच्या गावं जागली. अफवेने काय होतं हे आपल्या शेजारीच घडलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने मारलं. तेव्हा हातात मोबाईल होते, पण खरं-खोटं तपासायची सवय नव्हती.

म्हणून माझं तिसरं मत. आपल्या भागात ड्रोन उडण्याआधी ग्रामसभेत सांगितलं पाहिजे. कोण उडवणार, कशासाठी, फोटो कोणाकडे राहणार आणि गावाला ते बघायला मिळणार का. सांगायचं ते फक्त मराठीत नाही, पावरी, भिली, मावची अशा त्या त्या पाड्याच्या बोलीत. पेसा कायद्याने ग्रामसभेला मान दिला आहे, तो आकाशातून येणाऱ्या पाहुण्यानेही ठेवावा. लोकांना आधी सांगितलं की भीती अर्धी होते आणि अफवेला जागा उरत नाही.

शाळेने काय करायचं?

आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण कार्ड हातात मिळणं वेगळं आणि त्यामागचं यंत्र चालवता येणं वेगळं. ड्रोनच्या बाबतीत आपण नुसते पहिले लाभार्थी होऊन थांबू नये, असं मला मनापासून वाटतं.

व्यवसाय म्हणून ड्रोन चालवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्याची अट काय आहे माहीत आहे? वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. पदवी लागत नाही! ऊसतोडीला आई-बाबांबरोबर गुजरातला जाणारं आपलं पोर दहावीपर्यंत टिकलं, तर हे दार त्याच्यासाठी उघडं आहे. प्रशिक्षणाची फी मात्र हजारोंच्या घरात जाते. ती आदिवासी विकासाच्या योजनांतून भरली जावी, अशी मागणी आपण पालकसभेतून करायला हरकत नाही.

आणि याला शाळेत ड्रोन विकत घ्यावा लागत नाही. मी वर्गात हे करून पाहिलं आहे:

१) मुलांनी टेकडीवर चढून आपल्या पाड्याचा वरून दिसेल तसा नकाशा काढायचा. घर, विहीर, ओढा, शाळा. ‘पक्षी काय बघतो’ हे नाव दिलं की मुलं रंगून जातात.

२) त्या नकाशावर आरोग्य केंद्र ते पाडा हे अंतर एकदा पायवाटेने आणि एकदा सरळ रेषेत मोजायचं. दोन्हीतला फरक काढायचा. गणिताचा तास असा जातो, की घंटा ऐकू येत नाही.

३) कागदी विमानाला एक, दोन, तीन पिना लावून ते किती लांब जातं ते मोजायचं. वजन आणि अंतर यांचा संबंध मुलं स्वतःच सांगतात.

४) ‘आपल्या गावात ड्रोनने काय आणावं, काय आणू नये’ यावर पाच ओळी, घरी बोलतात त्या बोलीतही चालतील.

चौथ्या उपक्रमात एका मुलाने लिहिलं, ‘औषध आणावं, पण डॉक्टरला पण पाठवा.’ मी एवढा मोठा लेख लिहिला, त्याने एका ओळीत सांगून टाकलं.

राहता राहिली ती चौथीतली मुलगी. तिला मी नंतर सांगितलं, “बेटा, ड्रोन स्वतःहून शेत नेत नाही आणि शेत देतही नाही. तो कोणाच्या हातात आहे त्यावर ते ठरतं. तू मोठी झालीस की तुझ्या हातात घे.” ती म्हणाली, “मग मी आमच्या शेताचा फोटो काढेन आणि बाबाला देईन.”

पालकहो, असं बोलणारी मुलगी दहावीपर्यंत शाळेत राहावी, एवढं आपण दोघं मिळून बघू. तुमच्या पाड्यावर ड्रोनचं पहिलं काम कोणतं असावं असं तुम्हाला वाटतं? आज संध्याकाळी मुलांना विचारा आणि उद्या शाळेत सांगायला पाठवा.