त्यांची नावं कोण लिहिणार?

आपल्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं, आनंद झाला. त्यांचं जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यातलं. याच जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण गावोगावी बाळंतपणं सुखरूप करणाऱ्या, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवणाऱ्या आरोग्यसेविका? त्यातल्या कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांची नावं किती जणींना ठाऊक आहेत?

मैत्रिणींनो, देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतो आपण. मग महिला मंडळाच्या एखाद्या दुपारी वही घेऊन अशा आजीपाशी बसायला काय हरकत आहे? ती गेल्यावर हळहळून काय उपयोग?