चान्यांची लाज आम्हाला कुणी शिकवली?

महागावात ऊन तापू लागले की आमच्या आज्या अंगणात दोरी बांधायच्या. मांसाच्या पातळ, लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावून दोरीवर टाकायच्या आणि कावळे हाकलायला आम्हा पोरांना बसवायच्या. तीन-चार दिवसांच्या कडक उन्हात पट्ट्या लाकडासारख्या वाजू लागल्या की चान्या तयार! पावसाळ्यात हाताला काम नसले की त्याच चान्या विस्तवावर भाजून भाकरीसोबत खायच्या, नाहीतर डाळीत शिजवायच्या.

आज वस्तीत ती दोरी दिसत नाही. 'चान्या' हा शब्दसुद्धा आम्ही आवाज खाली करून उच्चारतो. शिकायला बाहेर पडलो तेव्हा आम्हीही डबा लपवला आहे. तीच वाळलेली पट्टी अमेरिकेत 'जर्की' आणि दक्षिण आफ्रिकेत 'बिल्टाँग' म्हणून पाकिटात विकली जाते, तेव्हा ती पौष्टिक ठरते. आमच्या दोरीवर असली की विटाळ! फरक मांसात नाही, दोरी कुणाच्या अंगणात आहे यात आहे.

काही मित्र म्हणतात, "बाबासाहेबांनीच हे सोडायला सांगितले." मित्रांनो, नीट वाचा. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. जुन्या चान्यांत पडीचे मांसही असायचे, हे आम्ही लपवत नाही. गावाची मेलेली ढोरे ओढायची आणि त्यावरच पोट भरायचे, ही गुलामी होती. ती सोडली हे योग्यच झाले. पण गुलामी सोडणे वेगळे आणि गोमांसाला पाप मानणे वेगळे. 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगमच गोमांसाच्या प्रश्नाशी जोडला आणि एकेकाळी ब्राह्मणही गोमांस खात होते, हे त्यांच्याच ग्रंथांतून दाखवले. मग लाज आम्हीच का वाहायची?

दुसरा आक्षेप धम्माचा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेब गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत भेद करतात. करुणेपोटी कुणी सगळेच मांस सोडले असेल, तर त्याचा आम्ही आदर करतो. पण ज्याला कोंबडी-बोकड चालतो आणि चान्यांचे नाव काढताच करुणा आठवते, त्याच्या ताटात करुणा नाही, जातीची उतरंड आहे.

तिसरा मुद्दा कायद्याचा. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशी-रेड्यांना ही बंदी लागू नाही. हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे, कारण झुंड दारात येते तेव्हा ती कलम विचारत नाही, आडनाव विचारते. आणि आमच्या कोरडवाहू कापूसपट्ट्यात म्हाताऱ्या बैलाचा चारा कोण पुरवणार? गोभक्त पुरवतो का? तो भार कास्तकाराच्याच डोक्यावर.

आम्ही चान्यांचा उत्सव करा म्हणत नाही. त्या भुकेने शिकवल्या होत्या आणि भुकेचे कौतुक पोट भरलेलेच करतात. पण एका बाईने उन्हाच्या आणि मिठाच्या जोरावर चार महिन्यांची बेगमी केली, हे ज्ञान आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून ते कागदावर आणले. आमच्या महागाव, पुसद, उमरखेडच्या आज्यांचे कुणी लिहिले?

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात एवढे करा. आजीजवळ वही घेऊन बसा. पट्टी किती जाड, मीठ किती, ऊन किती, सगळे लिहून घ्या. खायचे असेल तर कायद्यात बसणारे म्हशीचे-रेड्याचे मांस आणा, दोरी अंगणातच बांधा. खायचे नसेल तर खाऊ नका. पण आजीच्या ताटाची लाज बाळगू नका.

जय भीम!