'सेटल' झाल्यावर बघू

एमबीएच्या प्रवेशासाठी इंटरव्ह्यू देणाऱ्या प्रत्येकाला एक उत्तर पाठ असतं. पुढं काय करायचंय असं विचारलं की आधी मोठ्या कंपनीतला अनुभव, मग स्वतःचा बिझनेस आणि शेवटी 'समाजाला परत द्यायचंय'. मीही हेच बोललो होतो. सांगलीचा म्हणून त्यात हळद आणि द्राक्ष बागायतदारही घुसवले होते. पॅनेलमधले एक सर हसून म्हणाले, "नक्की कधी?" मी म्हटलं, "सर, सेटल झाल्यावर."

पास होऊन तीन वर्षं झाली. सेटल व्हायची तारीख दरवर्षी पुढं ढकलली जाते. आधी एज्युकेशन लोनचा हप्ता होता, मग घराचं छत, मग बहिणीचं लग्न. ही थट्टा नाही. आपल्या भागातून कर्ज काढून शिकलेल्या मुलाचा पहिला पगार घरात गेला तर त्यानं अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. घर सावरणं हेही परत देणंच आहे. माझी तक्रार 'सेटल' या शब्दाबद्दल आहे. त्याची व्याख्या कुणी करत नाही, त्यामुळं तो कधीच पूर्ण होत नाही.

पुण्याहून रेल्वेनं सांगलीला येताना कराड स्टेशन लागतं. ते ओगलेवाडीत आहे, जिथं ओगल्यांचा काचकारखाना होता. पुढं किर्लोस्करवाडी, जी 1910 साली माळरानावर वसली. या दोन्ही कारखान्यांचा माल गावोगाव फिरून विकणारा एक सेल्समन होता. कंदील, काचसामान आणि लोखंडी नांगर. त्याचं घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. नाव भाऊराव पाटील.

कर्मवीर अण्णा आपल्याला जयंतीच्या फोटोत भेटतात, पांढरी दाढी आणि उघडे पाय. त्यांनी सेल्सची नोकरी केली होती हे मला एमबीए संपल्यावर नीट कळलं. दोन वर्षं मार्केटिंग शिकलो, त्यात जगभरातल्या कंपन्यांच्या केस स्टडी होत्या. ही एकही नव्हती.

मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. मिरज तालुक्यातल्या दुधगावच्या वसतिगृहाच्या कामात ते होते तेव्हा पंचविशीही उलटली नव्हती. 1919 साली कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था निघाली तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. आधी पैसा, मग समाज असं वेळापत्रक त्यांनी केलं नाही. नांगर विकायला फिरताना कुठल्या गावात शाळा नाही, कुठली पोरं गुरांमागं जातात, हे त्यांना दिसत असणारच. आपल्या भाषेत हाच मार्केट रिसर्च. आज रयतची शेकडो हायस्कुलं आणि चाळीसहून अधिक कॉलेजं आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्यातच शिकत असतील.

पण ही गोष्ट सांगताना एक बाजू आपण भावूक होऊन उरकून टाकतो. साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. समाजसेवेचं बिल बहुतेक वेळा घरातली बाई भरते. म्हणून 'नोकरी सोड आणि गावाकडं चल' असलं रीलछाप आवाहन मला पटत नाही. तुमच्या त्यागाचा हप्ता कोण भरणार, हे आधी विचारा.

दुसरं उदाहरण ताजं आहे. माण तालुक्यातलं म्हसवड, साताऱ्याचा दुष्काळी भाग. चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि परत गेल्या. व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी विचारा, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय जमतो का बघू, असं आव्हानच त्यांनी दिलं. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. पुढं 2006 मध्ये ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूलही निघालं. पदवी नसलेल्यांचं बी-स्कूल! आमच्या कॅम्पसवर 'सोशल इम्पॅक्ट डे' असायचा. एका वस्तीत वह्यावाटप, ग्रुप फोटो आणि सहाच्या आत परत.

गेल्या वर्षी मी आमच्या गावातल्या एका बचत गटाला एक्सेल शिकवायला गेलो. मोठ्या तयारीनं फॉर्म्युले नेले होते. माझा लॅपटॉप सुरू होईपर्यंत एका मावशींनी अकरा जणींचं महिन्याचं व्याज बोटांवर मोजून सांगितलं. एक्सेलची त्यांना गरजच नव्हती. त्यांना हवं होतं ते वेगळंच: व्यापारी पापडाला देतो तो भाव बरोबर आहे का, आणि पॅकेटवर काय काय छापावं लागतं? पापडाचा खर्च काढायला बसलो तर त्यांनी स्वतःची मजुरी कुठंच धरली नव्हती. ती धरल्यावर प्रत्येक किलोमागं तोटा निघाला. पुढच्या महिन्यात त्यांनी भाव वाढवून मागितला. व्यापाऱ्यानं मागितला तेवढा नाही दिला, थोडा दिला. माझ्या एमबीएचा एवढा थेट उपयोग ऑफिसात अजून झालेला नाही.

यासाठी नोकरी सोडली नाही की पैसे घातले नाहीत. चार रविवार गेले. हे कर्मवीरांच्या कामाशेजारी ठेवण्यासारखं नाही, मला माहितीय. पण 'सेटल झाल्यावर'पेक्षा बरं.

आता महिन्यातला एक रविवार सांगलीत असतो. विश्रामबागेत एका मित्राच्या घराच्या गच्चीवर सीईटी देणारी सात-आठ पोरं जमतात. बहुतेकांनी आधी इंजिनिअरिंग किंवा बीकॉम केलंय, घरी शेती आहे, आणि इंग्रजीला सगळे घाबरतात. मागच्या वेळी मॉक इंटरव्ह्यू घेतला. तासगावच्या एका मुलीनं तेच पाठ उत्तर दिलं, समाजाला परत द्यायचंय. मी सरांसारखंच विचारलं, "नक्की कधी?"

ती म्हणाली, "दादा, शेजारच्या दोन पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म मीच भरते. ते सांगितलं तर चालेल का इंटरव्ह्यूत?"