मोक्का लावला, पुढे काय झाले?

प्रति,
मा. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

पुण्यात आज कोणत्या टोळीला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला, कोणाची त्याच्याच गल्लीतून धिंड निघाली, हे आम्हाला सकाळच्या चहाबरोबर कळते. ज्याला तीन वर्षांपूर्वी मोक्का लागला होता त्याचे काय झाले, हे मात्र कोणी सांगत नाही. याबद्दल अर्ज करून झाले. एका कार्यालयाने पोच दिली, उत्तर दिले नाही. पोच तरी दिली, त्याबद्दल आभारी आहोत. 2014 पासून मधली अडीच वर्षे सोडली तर गृहखाते आपल्याकडेच आहे आणि आपण कायद्याचे पदवीधर आहात, तेव्हा पार्श्वभूमी सांगत बसत नाही.

टोळ्या धरायला आपल्याकडे गुन्हे शाखेची युनिटे आहेत, खंडणीविरोधी पथके आहेत. 2023 च्या सुरुवातीला कोयता गँगचा बोभाटा झाला तेव्हा पुणे पोलिसांनी बक्षिसे लावली. कोयतेवाला धरला तर 3 हजार, पिस्तूलवाला धरला तर 10 हजार. फेब्रुवारी 2024 मध्ये आयुक्तालयात 32 टोळ्यांच्या 267 जणांना रांगेत उभे करून समज दिली गेली. फोटो झकास आले. भाईलोकांच्या रील्स त्यानंतरही थांबल्या नाहीत, हा भाग वेगळा.

आता कोर्टातला हिशेब. टोळीप्रमुख गजा मारणे 2014 मधल्या दोन खुनांच्या खटल्यांतून निर्दोष सुटला आणि 15 फेब्रुवारी 2021 ला तळोजा कारागृहातून शेकडो गाड्यांच्या ताफ्यात पुण्याला आला. राज्याच्या द्रुतगती मार्गावरून, भर दिवसा. 8 जून 2012 ला येरवड्याच्या अतिसुरक्षित कोठडीत दहशतवादाच्या आरोपातील कैदी कतील सिद्दिकीचा खून झाला. कुलूप सरकारचे, पहारा सरकारचा, आत कोण होते याची नोंद सरकारची. त्या खटल्यातला आरोपी, टोळीप्रमुख शरद मोहोळही निर्दोष सुटला. न्यायालयाला आम्ही दोष देत नाही, पुढे ठेवला जातो त्या पुराव्यावरच निकाल लागतो. पण जेलच्या आतला खून सिद्ध करता येत नसेल, तर नाना पेठेतला कसा होणार? कोणत्या कागदात, कोणत्या साक्षीत माती खाल्ली, याची जाहीर तपासणी आपल्या खात्याने केल्याचे आम्ही तरी वाचलेले नाही.

मग टोळ्या आपापले निकाल लावतात. 5 जानेवारी 2024 ला मोहोळला कोथरूडच्या सुतारदऱ्यात गोळ्या घातल्या गेल्या. 1 सप्टेंबर 2024 ला माजी नगरसेवक वनराज आंदेकरचा नाना पेठेत खून झाला. 5 सप्टेंबर 2025 ला, विसर्जन मिरवणुकीच्या आदल्या रात्री, त्या खुनातल्या आरोपीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्याच पेठेत मारले. वर्ष आणि चार दिवस. कोर्टाचा निकाल यायच्या आत सूड पुरा.

आणि कायदा लुळा आहे म्हणावे, तर तसेही नाही. 1999 च्या मोक्कात बहुतेक गुन्ह्यांना किमान 5 वर्षे शिक्षा आणि किमान 5 लाख दंड आहे. दोषारोपपत्राला 90 ऐवजी 180 दिवस मिळू शकतात. जामीन सहजी मिळत नाही. कलम 19 खाली साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवता येतो. कलम 23 ची मंजुरी कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यायची, हेही ठरलेले आहे, आणि नेमक्या तिथल्या त्रुटींवर बचावाचे वकील बोट ठेवतात. साक्षीदार संरक्षणासाठी राज्याचा 2017 चा स्वतंत्र कायदाही आहे. हत्यारे भरपूर आहेत, ती चालवणारा कायमचा माणूस नाही.

एकदा शिवाजीनगर कोर्टात कोणाला न सांगता जाऊन बघा. मोक्काच्या तारखेला व्हरांड्यात भाईची पोरे भिंतीला टेकून उभी असतात. बोलत काही नाहीत, येणाऱ्या साक्षीदाराकडे फक्त बघतात. आत पंच सांगतो, सही माझीच आहे, पण कागद कोरा होता. फितूर म्हणून नोंद होते आणि पुढचा साक्षीदार त्याच व्हरांड्यातून आत येतो. त्याला घरून आणायला, धीर द्यायला, त्याचा जबाब आधी समजून घ्यायला कोण असते? तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची तोवर बदली झालेली असते. सरकारी वकिलाच्या टेबलावर बाकीच्या खटल्यांचा ढीग असतो. खटला टीव्हीवर गाजला की विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांच्या नावाची मागणी होते. न गाजलेल्यांनी कोणाकडे बघायचे?

लॉस एंजेलिस काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात टोळ्यांच्या खटल्यांसाठी वेगळा विभाग कित्येक दशकांपासून आहे. आरोप ठेवण्यापासून शिक्षेपर्यंत खटला एकाच वकिलाकडे राहतो, टोळी कोणाची आणि साक्षीदार कुठला हे त्याला पाठ असते. त्या पद्धतीतही खोट निघाली. वस्तीतल्या पोरांवर सरसकट टोळीचा शिक्का बसू लागला, तेव्हा कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये टोळीचा आरोप ठेवण्याच्या कायदेशीर अटी कडक केल्या. आपल्याकडे तर कोयते घेऊन फिरणाऱ्यांत अल्पवयीन पोरे कितीतरी. त्यांना वेगळे काढून वरच्या भाईपर्यंत पोचायचे, तर त्याच कामाला वाहिलेला वकील हवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 ने जिल्ह्यात अभियोग संचालनालयाची वाट मोकळी केली आहे. पुण्यात त्याच्या अखत्यारीत टोळ्यांच्या खटल्यांचा स्वतंत्र कक्ष उभा करा. वकील पूर्णवेळ, साक्षीदारांसाठी वेगळी माणसे, आणि निकाल लागेपर्यंत कोणाची बदली नाही.

तोवर एवढे करा. 2014 पासून पुण्यात किती टोळ्यांवर मोक्का लावला, किती खटले निकाली निघाले, किती जणांना शिक्षा झाली, किती सुटले आणि कशामुळे, याचा तक्ता येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवा. असे आकडे आपल्या खात्याने ठेवलेलेच नसतील, तर तसे लेखी कळवा.

आपला,
नाना पेठेतला एक करदाता