हात लावायचा नाही

आमच्या आईचा दिवाळीतला एक कायदा होता. नैवेद्य दाखवून झाल्याशिवाय फराळाच्या डब्याला हात लावायचा नाही. आठ दिवस आधीपासून घरभर तळणाचा वास सुटलेला असे, डबे कपाटावर ओळीने बसलेले असत आणि आम्ही भावंडं खालून नुसती पाहत असू. त्या वेळी हा कायदा मला फार जुलमी वाटे. त्यातलं शहाणपण कळायला मला वयाची साठी उलटावी लागली आणि पार इंडोनेशियाच्या पूर्व भागापर्यंत जावं लागलं. यंदा तीच हकिकत सांगते.

आमच्या धाकट्या लेकीला समुद्रात बुड्या मारण्याचं वेड आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा गंमत म्हणून ती पाण्याखाली गेली, ती मनाने काही वर आलीच नाही. मग स्कूबाचं रीतसर शिक्षण झालं, परीक्षा झाल्या. आमच्या माहेरी तर पाण्याचं नाव काढायची चोरी! माझे एक काका लहानपणी वाईला कृष्णेत बुडाले. तेव्हापासून घरात कुणाला पोहायला म्हणून शिकवलं नाही. त्यामुळे लेक समुद्रावर गेली, की ती परत येईपर्यंत माझा मुक्काम देवापुढे. अखेर गेल्या वर्षी तीच म्हणाली, "आई, या वेळी तू बरोबरच चल. पाण्यात नको उतरूस. बोटीवर बस आणि काळजी कर. इथं करतेस ती तिथं कर!"

यांना बोट लागते. त्यामुळे यांनी चिवड्याचा डबा आणि शुभेच्छा तेवढ्या बरोबर दिल्या.

सोरोंग नावाच्या गावी विमान उतरतं. तिथून पुढे सगळा समुद्र आणि बेटं. या बेटांना म्हणतात राजा अंपत. नावातला राजा आपलाच. अंपत म्हणजे चार. एका बाईला सात अंडी सापडली, त्यांतल्या चारांतून चार राजे निघाले आणि त्यांनी चार मोठी बेटं वाटून घेतली, अशी तिथली कथा. लहानमोठी मिळून दीड हजार बेटं. बहुतेकांवर ना वस्ती, ना पिण्याचं पाणी. मग उतरायचं कुठे? म्हणून बोटीवरच बिऱ्हाड करायचं. आपल्याकडे मुक्कामाची एस.टी. असते ना, तशी ही मुक्कामाची बोट. रात्री आपण झोपलो की ती चालू लागते आणि सकाळी डोळे उघडावेत तो दुसरंच बेट समोर उभं!

आमची बोट लाकडी होती, पिनिसी जातीची. सुलावेसी बेटाच्या दक्षिणेला सुतार अजूनही किनाऱ्यावरच अशा बोटी बांधतात. २०१७ साली युनेस्कोने त्यांच्या कलेला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. खाली निजायच्या खोल्या, मागच्या बाजूला हवेच्या टाक्यांची रांग आणि त्या भरणारं धडधडणारं यंत्र. पहाटे पहिली बुडी, मग न्याहारी, दुसरी बुडी, जेवण, तिसरी बुडी आणि अंधार पडल्यावर कधी चौथीसुद्धा. जेवणाच्या घंटेइतकी नियमित!

दोन बुड्यांच्या मध्ये विश्रांती मात्र सक्तीची. खोल पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो. माणूस घाईने वर आला, तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे अंगात होतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून सावकाश वर यायचं आणि पाच मीटरांवर तीन मिनिटं थांबायचं. श्वास तर कधीच रोखून धरायचा नाही.

प्रत्येक बुडीआधी वाटाड्या फळ्यावर पाण्याखालचा नकाशा काढी आणि शेवटी न चुकता एकच वाक्य बोले : कशालाही हात लावायचा नाही. पोवळं दगडासारखं दिसतं खरं, पण ती असते असंख्य चिमुकल्या जिवांची वसाहत. त्यांच्या काही जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. एक लाथ बसली, की कित्येक वर्षांचं काम गेलं.

लेक वर येऊन जे सांगे, ते ऐकून मी तोंडात बोट घाली. जगातल्या ज्ञात कठीण पोवळ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जाती या एका टापूत सापडतात. क्री बेटाच्या टोकाशी २०१२ साली जेराल्ड ॲलन या मत्स्यशास्त्रज्ञाने एकाच बुडीत माशांच्या ३७४ जाती मोजल्या. पंख्यासारख्या पोवळ्यावर दोन सेंटिमीटरांहूनही लहान समुद्रघोडा बसतो. रंगाने, गाठींनी हुबेहूब त्या पोवळ्यासारखा. १९६९ साली न्यू कॅलेडोनियात एका संशोधकाने असं पोवळं मत्स्यालयासाठी वर आणलं, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा माणसाच्या नजरेला पडला. मलाही एका गावच्या धक्क्यावरून रात्री कंदिलाच्या उजेडात एक शार्क दिसला. हातभर लांब, आणि परांवर चक्क चालत निघालेला, रांगत्या बाळासारखा!

क्रीच्या त्याच टोकाशी मात्र माझी परीक्षा झाली. तिथं पाण्याला ओढ फार. त्या ओढीबरोबर माशांचं खाद्य येतं आणि म्हणूनच तिथं मासे इतके. मी छोट्या होडीत नावाड्याशेजारी बसले होते. एक तास झाला. एकेक जोडी वर आली. माझी लेक आणि तिची जोडीदारीण काही येईनात. मी खुणा करकरून त्या पोराला सांगतेय, बाबा, हाक होडी, शोध त्यांना! त्याने उलट यंत्र बंद केलं, हाताचा पंजा दाखवून मला थांबायला सांगितलं आणि प्रवाहाच्या दिशेला डोळे लावून बसला. माणसं कुठं वर येतील ते ठाऊक नसताना यंत्राचं पातं फिरवणं किती धोक्याचं, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मला फक्त वाईचा घाट दिसत होता.

दूरवर पाण्यातून एक नारिंगी नळी उभी राहिली. पाठोपाठ दोन डोकी. होडी जवळ जाते तो लेक ओरडली, "आई, मांटा! केवढा मोठा मांटा!" तिला जवळ घ्यावं की थोबाडीत द्यावी, हेच मला सुचेना.

रात्री मी निक्षून म्हटलं, "आता पुरे. उद्यापासून बुडी बंद." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "प्रवाहाने आम्हांला लांब नेलं. वर तू काय करत असशील ते मला कळत होतं गं. तरी पाच मीटरांवर तीन मिनिटं थांबले. तुझ्यासाठी घाई केली असती, तर तुझ्याकडे धड आले नसते." यावर मी काय बोलणार?

दोन दिवसांनी आम्ही एका गावात उतरलो. तिथं 'सासी'ची चाल ऐकली. गाव ठरवतं, प्रार्थना होते आणि समुद्राचा एखादा भाग काही महिने बंद! तिथल्या शेवंडांना, शिंपल्यांना कुणी हात लावायचा नाही. मुदत सरली की पुन्हा प्रार्थना, मग पकड. मिसूल बेटावरच्या एका गावी तर २०११ पासून बायकांचं मंडळ अशी सासी चालवतं. आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्यात जातात, त्याचीच मला आठवण झाली. मिसूलजवळ एका बेटावर पूर्वी शार्कचे पर कापण्याचा तळ होता. २००५ साली गावकऱ्यांशी करार होऊन तिथली मासेमारी बंद झाली, आणि आज त्याच उथळ पाण्यात शार्कची पिल्लं हिंडतात. याच्या उलटही घडलं आहे. २०१७ च्या मार्चमध्ये एक मोठं पर्यटक जहाज ओहोटीच्या वेळी क्रीजवळच्या पोवळ्यांवर चढलं आणि १८ हजार चौरस मीटरांहून अधिक जागा उद्ध्वस्त झाली. तेही हौशी पाहुण्यांचंच जहाज होतं. आपणही पाहुणेच आहोत, हे त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलं नाही.

आईचा कायदा मला तिथं कळला. डबा भरलेला राहतो, तो कुणीतरी हात आवरलेला असतो म्हणून.

यंदाही लेक निघाली आहे. मी घरीच आहे. परवा तिची पिशवी भरून झाली. दारात तिचा हात धरून ठेवावासा फार वाटला. नाही धरला. "वर येताना घाई करू नकोस," एवढंच म्हणाले. मागे वळून पाहते, तो हे तिच्यासाठी बांधलेल्या डब्यातला दुसरा लाडू खात होते. नैवेद्य अजून व्हायचाच होता!