खंजिरी जपानला जाऊन आली, वर्धा मात्र फोटोतच राहिला

वर्ध्याचं नाव परदेशात न्यायचं म्हटलं की आपल्याकडे एकच उपाय सुचतो. बापूकुटीचा फोटो, खाली एक घोषवाक्य आणि पर्यटन मेळाव्यात एक स्टॉल. तो फोटो जगाने पाहिलेला आहे हो. फोटो पाहून कोणी वर्ध्यात मुक्कामाला येत नाही. नागपूरहून गाडी येते, तासाभरात कुटी बघून होते, फार तर पवनार, आणि संध्याकाळी गाडी परत नागपूरला. आपल्या वाट्याला काय? चहा.

आता जरा दुसरी गोष्ट आठवा. १९३३ साली निचिदात्सू फुजी नावाचे जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्यात गांधीजींना भेटले. हातात हातपंख्याच्या आकाराचं, एका बाजूला कातडं चढवलेलं वाद्य आणि मुखी सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा मंत्र. पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्षू सेवाग्रामला राहिला. महायुद्धात जपान उतरला आणि पोलिसांनी त्याला आश्रमातून नेलं. गांधीजींनी त्याचा मंत्र मात्र प्रार्थनेत ठेवला. शत्रुराष्ट्राची भाषा, ती रोज सेवाग्रामच्या झाडाखाली! वर्ध्यातला विश्वशांती स्तूप याच फुजी गुरुजींच्या परंपरेचा. आपण तिथे सेल्फी काढतो, तो इथे का उभा आहे हे पोरांना कोणी सांगत नाही.

आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला राहून गेलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. सोबत खंजिरी होतीच. तीही एकाच बाजूला कातडं असलेली. वाद्याची जात जवळची, वापरही तोच: चार माणसं जमवायची आणि ताल धरून प्रार्थना करायची.

फ्रान्सच्या ब्रिटनी भागात लोरियाँ नावाचं बंदराचं गाव आहे. तिथे १९७१ पासून दर ऑगस्टमध्ये केल्टिक मुलखांचा संगीत मेळा भरतो. स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, स्पेनचा गालिसिया, सगळे आपापल्या बॅगपाइप घेऊन येतात. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण सूर ओळखीचा. त्या ओळखीवर माणसं एकमेकांच्या गावी जातात. आपल्याकडे असा धागा आयता पडून आहे.

सरकारी रस्ताही आहे. महाराष्ट्राचा जपानच्या वाकायामा प्रांताशी २०१३ पासून करार आहे. त्याच प्रांतात कोयासानच्या विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला आणि दीक्षाभूमीला जपानी माणूस येतो. पण तिथून पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्याला तो फारसा येत नाही. कारण आपणच डोक्यात दोन रकाने करून ठेवलेत, बाबासाहेबांचा एक आणि गांधींचा एक. त्यांचे मतभेद खरे होते, ते झाकायचं कारण नाही. पण एका जपानी पाहुण्याच्या प्रवासात दोन्ही बसतात. त्याला दोन्ही ऐकू द्या.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वाकायामाला अधिकाऱ्यांचं शिष्टमंडळ पाठवण्याऐवजी खेड्यातलं एक भजन मंडळ पाठवा. तिकडच्या भिक्षूंना चार दिवस इकडे बोलवा. स्तूपाजवळ आणि मोझरीला एकत्र बसवा. राहायला सेवाग्राम-पवनारकडच्या घरांतल्या खोल्या, जेवायला झुणका-भाकर. दोन-चार पोरांना जपानी शिकवा, गाइड म्हणून पोट भरेल त्यांचं. "दारूबंदीचा जिल्हा, परदेशी माणूस काहून येईन?" असं विचारणारे आहेत. भाऊ, पहाटेच्या प्रार्थनेला येणारा पाहुणा दारूसाठी येत नसतो.

भीती वेगळीच आहे. याचा 'महोत्सव' होईल, कमानी लागतील, पुढाऱ्यांचे फलक लागतील आणि डीजेत खंजिरी बुडेल. आश्रमातली जुनी माणसं पर्यटन म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात ती उगाच नाही. आश्रमाची शांतता मोडणार असेल तर हे काही नको. गर्दी स्तूपाच्या मैदानात ठेवा, कुटीपाशी नाही.

तुमच्या गावात खंजिरीवर म्हणणारं भजन मंडळ अजून टिकून असेल तर गावाचं नाव खाली लिहा. निदान यादी तरी करू.